दार नसलेला सज्जा

कामिसावाच्या जुन्या कचेरीला रस्त्याच्या बाजूने एक देखणा सज्जा आहे. त्याला कोरीव खांब आहेत, कठडा आहे, वर निमुळते छप्पर आहे. त्या सज्ज्यावर जायला दार मात्र नाही. बांधणाऱ्याने ते ठेवलेच नाही आणि नंतर कोणी बसवलेही नाही. ही इमारत राखायची की पाडून तिथे गाडीतळ करायचा, याचा निर्णय उत्तर जपानमधल्या मोठ्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, जूनच्या एका आठवड्यात व्हायचा होता, आणि तो नेमका या दारापाशी अडला होता. ते पाहायला मी टोकियोहून निघाले.

बोलावणे मृणाल देवधरचे होते. मृणाल मूळची पुण्याची. जपानच्या उत्तरेकडील एका विद्यापीठात ती लाकडी इमारती आणि भूकंप या विषयावर संशोधन करते. टोकियोच्या एदोगावा भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आमची ओळख झाली. मी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात बरीच वर्षे काम केले आहे आणि नवऱ्याच्या बँकेतील बदलीमुळे सध्या इथे राहते, एवढे तिला माहीत होते. फोनवर ती म्हणाली, "ताई, बातमी वगैरे नाहीये. पण मला उद्या-परवा एका आजोबांना वाईट काहीतरी सांगायचंय. तेव्हा आपलं कुणीतरी बरोबर असलं तर बरं वाटेल."

घराजवळच्या निशी-कासाईहून भुयारी रेल्वेने टोकियो स्थानक, तिथून उत्तरेकडे जाणारी शिंकान्सेन (वेगवान रेल्वे). फलाटावर मी एकिबेन (स्थानकावर मिळणारा जेवणाचा डबा) घेतला. सेंदाई शहर मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना भाताची खाचरे सुरू झाली. लावणी नुकतीच झाली होती. पाण्यात रोपांपेक्षा आभाळच जास्त दिसत होते. काही घरांच्या छपरांवर अजून निळी ताडपत्री होती. ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

पुढे एका डब्याची गाडी धरायची होती. ती डोंगरातून, नदीच्या काठाने जाते. शाळेहून परतणाऱ्या मुली आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आजीबाई एवढेच प्रवासी. एका शाळेच्या मैदानावर राखाडी पत्र्याची बैठी घरे ओळीने उभी होती. समुद्राने घरे नेलेली किनाऱ्यावरची माणसे तिथे राहत होती. प्रत्येक दारापुढे कुंड्या होत्या. मैदानातल्या फुटबॉलच्या गोलाच्या खांबांना दोरी बांधून कपडे वाळत घातले होते.

स्थानकावर मृणाल आली होती. अंगात विद्यापीठाचे जाकीट, हातात छत्री आणि चेहऱ्यावर झोप न झाल्याची खूण. चालता चालता तिने सारी हकीकत सांगितली. ती इथे थोडक्यात देते, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

जपानमध्ये जुनी सरदारांची राज्ये मोडून नवे सरकार आले, तेव्हा प्रांत पाडले गेले आणि प्रत्येक प्रांताचे गुन (आपल्या तालुक्याहून मोठा, जिल्ह्याहून लहान असा मुलुख) करण्यात आले. प्रत्येक गुनला एक प्रमुख आणि एक कचेरी. या गुनमध्ये मोठी गावे दोनच होती. डोंगराकडे कामिसावा, तिथे घोडे आणि रेशमाचे कोश. समुद्रावर इसोमाए, तिथे मीठ, मासळी आणि बंदर. कचेरी आपल्याकडे यावी म्हणून दोन्ही गावे हटून बसली. प्रांताचा अधिकारी पाहणीला आला. कामिसावाने त्याला भात आणि डोंगरातल्या भाज्या वाढल्या. इसोमाएने आपल्याकडचे सर्वांत चांगले ते वाढले. ते म्हणजे होया, खडकाला चिकटून वाढणारा एक समुद्री जीव. तो कच्चा खातात. अधिकारी राजधानीकडचा होता. परत जाताना वाटेत तीन ठिकाणी त्याची पालखी थांबवावी लागली, असे इसोमाएचे लोक आजही सांगतात. कचेरी कामिसावाला मिळाली. प्रांताचा रस्ता कामिसावापर्यंतच येत होता, हेही खरे कारण असणार. पण रस्त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

कचेरी पाश्चात्त्य धाटणीची हवी, असा हुकूम होता. गावात तशी इमारत कोणी पाहिलेली नव्हती. देवळे बांधणाऱ्या कुदो नावाच्या सुताराला योकोहामाला पाठवण्यात आले. तिथे परदेशी व्यापाऱ्यांच्या कोठ्या होत्या. त्याला एकाही कोठीत आत जाऊ दिले नाही. तो रस्त्यावर उभा राहून पाहत राहिला, मनात मोजत राहिला आणि घरी परतला. म्हणून कामिसावाची कचेरी बाहेरून अगदी कोठीसारखी आहे. कोपऱ्यांना दगडाचा भास व्हावा असा चुना आहे, खिडक्या वर सरकणाऱ्या आहेत, सज्जा आहे. सज्ज्यावर माणसे कुठून येतात, हे मात्र रस्त्यावरून दिसत नाही.

उद्घाटनाला सारा गुन जमला. गुनप्रमुख परदेशी कोट घालून वर गेले आणि बाहेर यायला जागा शोधू लागले. शेवटी खिडकी वर सरकवून, आधी एक पाय, मग टोपी, मग दुसरा पाय अशा क्रमाने ते सज्ज्यावर अवतरले. खाली जमलेल्यांनी आदराने मान लववली. पाश्चात्त्य लोक असेच बाहेर येत असणार, असे त्यांना वाटले. त्यानंतर आलेला प्रत्येक पाहुणा खिडकीतूनच बाहेर येत राहिला आणि ती रीत झाली.

वरच्या मजल्यावर काही वर्षे न्यायाधीश येऊन जमिनीचे खटले ऐकत. पुढे सरकारने गुनच्या कचेऱ्याच बंद केल्या. आज गुन हे नाव फक्त पत्त्यात उरले आहे. इमारतीत मुलींचा शिवणवर्ग चालला, मग शेतकऱ्यांची सहकारी संस्था, मग गावाचे लहानसे संग्रहालय. भूकंपात ती हलली, पण पडली नाही. त्याच दिवशी इसोमाएची नगरपालिका समुद्राने नेली. कामिसावाने संग्रहालयातल्या वस्तू शाळेत हलवल्या आणि इमारत इसोमाएला दिली. जिच्यासाठी भांडण झाले, ती कचेरी अशी इतक्या वर्षांनी इसोमाएला मिळाली. तीन वर्षे त्या गावाचा कारभार इथून चालला. आता किनाऱ्याजवळच्या टेकडीवर त्यांची नवी नगरपालिका तयार होती आणि त्या आठवड्यात ते जाणार होते.

"मग अडचण काय आहे?" मी विचारले.

"दार," मृणाल म्हणाली.

इमारत पुढे वाचनालय म्हणून वापरायची, तर वरच्या मजल्यावरून सुटकेचा दुसरा मार्ग हवा, असा नियम आहे. मागच्या बाजूला डोंगराची दगडी भिंत आहे, बाजूची जमीन दुसऱ्यांची आहे. उरतो सज्जा. तिथे दार पाडायचे आणि सज्ज्यावरून खाली जिना सोडायचा. पण इमारत राखण्यासाठी गावात जे मंडळ आहे, त्याचे अध्यक्ष कुदो-सान (सान म्हणजे आपल्याकडचे राव किंवा बाई) आहेत, त्या पहिल्या सुताराचे पणतू, स्वतःही सुतार. भिंतीला हात लावू द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. मंडळाची संमती नसेल तर कामिसावाची नगरपालिका या भानगडीत पडणार नव्हती. गाडीतळाला कोणाची हरकत नव्हती.

कुदो-सानचे म्हणणे असे होते की ती भिंत सलग आहे म्हणूनच इमारत भूकंपात उभी राहिली. मृणालने वर्षभर तिथे मोजमापे घेतली होती. तिचा निष्कर्ष वेगळा निघाला. भार बाजूच्या भिंतींनी पेलला होता. कडेचे खांब बळकट केले तर दार पाडता येईल. हेच तिला त्यांना सांगायचे होते. वर्षभर ती त्यांच्याच घरी उतरत होती आणि त्यांच्याच घरी जेवत होती.

इमारत पहिल्यांदा दिसली तेव्हा संध्याकाळचे ऊन तिच्यावर तिरपे पडले होते. ती अपेक्षेहून लहान होती. फिकट निळा रंग उडून लाकूड करडे झाले होते. आतून खोकी उतरवून मालमोटारीत चढवली जात होती. सज्जा रिकामा होता. एका पक्ष्याने छपराखाली घरटे केले होते. खाली पाटी लावली होती : "पक्ष्यांची पिल्ले आहेत. कृपया डोक्याकडे लक्ष द्यावे."

त्या रात्रीचे जेवण कुदो-सानकडे होते. ते सत्तरीचे, लहान चणीचे, हाताची बोटे जाड. त्यांच्या पत्नीला गावात सगळे ओबासान (काकू) म्हणतात. मृणाल शाकाहारी आहे, हे त्यांनी पहिल्या भेटीपासून ध्यानात ठेवले आहे. तिच्यासाठी तिखट मुळ्याचा कीस, नेच्याचे कोवळे कोंब, बाभळीसारख्या काटेरी झाडाच्या कोंबांची भजी आणि टोफू असे मांडलेले होते. रश्श्यात डाशी (वाळवलेल्या माशांचे पाणी) असते, हे मृणालला ठाऊक आहे. त्याबद्दल विचारायचे नाही, असे तिने ठरवून टाकले आहे. कोंबांची भजी आपल्या ओव्याच्या पानांच्या भज्यांच्या चवीला जवळची होती. मी तसे सांगितले, तेव्हा ओबासाननी आणखी वाढली.

दाराचा विषय कुदो-साननीच काढला. कुदो घराण्याला चार पिढ्या गाव चिडवत आले आहे. कुणाचे घर बांधायला घेतले की मालक हमखास विचारतो, "दाराचा खर्च धरलाय ना?" शाळेत त्यांना मुले "खिडकी" म्हणत. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी पाहिले होते ते घराची दारे नीट लागतात की नाही हे. ओबासान मध्येच म्हणाल्या, "आमच्या न्हाणीघराचं दार अजून लागत नाही. रक्तातच आहे ते."

मग आता संधी आहे तर बसवत का नाही, असे मी मृणालमार्फत विचारले.

"पणजोबा चुकले, हे सगळ्या गावाला माहीत आहे," कुदो-सान म्हणाले. "पण त्यांची चूक मी गावादेखत दुरुस्त करायची, हे मला जमायचं नाही. आणि ती भिंत उभी राहिली. चुकीची असली तरी उभी राहिली. मृणाल-सान उद्या सांगतीलच."

मृणालने ताटाकडे पाहिले. मराठीत, सूर न बदलता ती मला म्हणाली, "ताई, बघा आता. भजी वाढून वाढून वर हे."

सकाळी तिने ते सांगितले. इमारतीच्या वरच्या मजल्यावर, त्या भिंतीसमोर उभे राहून. तिची जपानी स्वच्छ आहे, पण त्या वेळी ती फार हळू बोलत होती. कुठल्या भिंतीने किती भार घेतला हे तिने हात लावून दाखवले, आणि शेवटी म्हणाली की ही भिंत कापली तरी चालेल. कुदो-साननी सारे ऐकून घेतले. एक-दोन ठिकाणी प्रश्न विचारले, तेही नेमके. मग कमरेतून वाकून तिचे आभार मानले. वर्षभराच्या कष्टांबद्दल, थंडीत छतावर चढल्याबद्दल. इमारत कशी उभी राहिली हे त्यांना कळले, याबद्दल. आणि मग म्हणाले की दार होणार नाही.

"तुम्ही खरं सांगितलंत, त्याचा मला राग नाही," ते म्हणाले. "पण मी नाही म्हणायला आता फक्त एकच कारण उरलं. पहिलं. पणजोबांचं."

ते खाली गेले. मृणाल खिडकीपाशी बसून राहिली. तिने रडू नये म्हणून मी तिला इसोमाए दाखवायला सांगितले. तसेही दुपारी इसोमाएच्या लोकांच्या निरोपाचे जेवण होते, तोवर वेळ होता.

किनाऱ्याकडची रेल्वे अजून सुरू झालेली नव्हती. बस डोंगर उतरून खाली आली आणि झाडी एकाएकी संपली. पुढे सपाट जमीन होती. रस्ते होते, त्यांना वळणे होती, सिग्नलही चालू होता. घरे मात्र नव्हती. घरांचे चौथरे गवतातून दिसत होते. एका चौथऱ्यावर न्हाणीघराच्या फरशा तशाच होत्या, निळ्या-पांढऱ्या. दूरवर मातीचे उंच ढिगारे रचण्याचे काम चालले होते. जमीन उंच करून तिच्यावर पुन्हा गाव बसवायचे होते. बसमधल्या एक बाई उतरताना चालकाला म्हणाल्या, "माझ्या घरापाशी सोडा." चालकाने त्या मोकळ्या जागेत बस बरोबर एके ठिकाणी थांबवली. त्या उतरल्या, चौथऱ्याच्या कडेने वळसा घालून पुढे गेल्या. पायवाट चौथऱ्यावरून नव्हती.

टेकडीवर नवी नगरपालिका होती. तिथे ओनोदेरा-सान भेटल्या. रहिवाशांच्या नोंदी आणि दाखले हा विभाग त्या सांभाळतात. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज मोठा, हसणे त्याहून मोठे. समुद्राकडे तोंड करून त्यांनी आम्हाला तरंगणाऱ्या मोठ्या काळ्या गोलांच्या रांगा दाखवल्या. त्यांच्याखाली दोरांना होया लटकलेला असतो. तो वाढायला तीन-चार वर्षे लागतात. लाटेने जुने सारे नेले, त्यानंतर लावलेला होया आता काढणीला आला होता. हे त्याचे पहिले पीक. त्यातला काही आज कामिसावाला जाणार होता, निरोपाच्या जेवणासाठी. त्यांच्याच छोट्या मालमोटारीतून आम्ही परतलो. मागे बर्फाच्या पेट्या, पुढे आम्ही तिघी.

वाटेत ओनोदेरा-साननी मृणालला विचारले, भिंतीचे काय ठरले. मृणालने सांगितले. त्यांनी ते तिला पुन्हा एकदा सांगायला लावले.

जेवण वरच्या मजल्यावर होते, रिकाम्या झालेल्या दालनात. कपाटे हलवल्यामुळे जमिनीवर त्यांच्या फिकट चौकटी उमटल्या होत्या. लांब टेबलांच्या एका बाजूला कामिसावाचे लोक, दुसऱ्या बाजूला इसोमाएचे. कामिसावा नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचे अधिकारीही आले होते. त्यांना पुढच्या आठवड्यात आपले म्हणणे वर कळवायचे होते. भाषणे झाली. ती लहान होती.

होया टेबलावर आला. मुठीएवढा, नारिंगी, अंगभर गाठी. अननसासारखा दिसतो. माझ्या पुढ्यातला कसा कापायचा, हे शेजारच्या गृहस्थांनी हाताने दाखवले. मी टोचले आणि त्यातल्या पाण्याची चिळकांडी बांधकाम अधिकाऱ्यांच्या टायवर गेली. ते म्हणाले की हा टाय जुना आहे. ओबासान म्हणाल्या की नवा आहे, लग्नात घातला होता. चव सांगणे कठीण आहे. आधी खारट, मग कडवट, मग कुठूनतरी गोड. त्यानंतर साधे पाणी प्यायले तर तेही गोड लागते. त्या पाण्यासाठी मी दुसरा तुकडा घेतला.

ओनोदेरा-साननी कुदो-सानपुढे ताटली सरकवली. "आमच्या लोकांनी हेच वाढलं आणि कचेरी तुमच्याकडे गेली. आज पुन्हा वाढतोय. बघू, काय परत मिळतं."

टेबलभर हसू झाले. कुदो-सानही हसले. मग ओनोदेरा-सान खाली बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आवाज उतरवून बोलू लागल्या. मृणाल माझ्यासाठी वाक्यावाक्याला मराठी करत होती.

"कुदो-सान, तुम्ही आम्हाला ही जागा दिलीत. तीन वर्षं आमचं गाव इथे होतं. त्यामुळे हे बोलायचं नाही असं आमच्यात ठरलं होतं. आज आम्ही जातोय, म्हणून बोलते. पहिल्या उन्हाळ्यात एक मोठा धक्का बसला. इथे दाखल्यांसाठी माणसं दाटलेली होती. सगळी जिन्याकडे गेली. सगळ्यात पुढे एक आजोबा होते. बायकोच्या मृत्यूची नोंद करायला आले होते. ते पहिल्या पायरीवर बसले. उठेनात. मागच्यांना त्यांना ओलांडून जाववेना. मी त्यांना पाठीवर घेतलं आणि मागे फिरले. सज्जा समोर दिसत होता. मध्ये खिडकी होती, आणि ती भूकंपापासून अडकलेली होती."

"मग?" कुदो-साननी विचारले.

"मग धक्का थांबला. आजोबांना खाली ठेवलं. त्रास दिला म्हणून त्यांनी माझी माफी मागितली. आम्ही पुन्हा कामाला लागलो. त्यानंतर जेव्हा जेव्हा जमीन हलली, तेव्हा आमची माणसं जिन्याकडे न जाता इथे या भिंतीपाशी येऊन उभी राहायची. का, ते विचारू नका. बाहेरचं दिसायचं म्हणून असेल."

खाली मालमोटारीचे फाळके लावल्याचा आवाज आला.

"खिडकी अडकली आहे, हे मला कुणी सांगितलं नाही," कुदो-सान म्हणाले.

"तुम्ही घर दिलंत," ओनोदेरा-सान म्हणाल्या. "पाहुण्यांनी त्यातली खोट कशी काढायची?"

"मी काढली असती," ओबासान म्हणाल्या. कोणी हसले नाही.

कुदो-सान उठले. भिंतीजवळ गेले आणि तिच्यावर हात ठेवून उभे राहिले. मग खिशातून सुतारी पेन्सिल काढली. ओनोदेरा-सानकडे वळून त्यांनी विचारले, त्या दिवशी आजोबांना पाठीवर घेऊन बाहेर पडायचे असते, तर किती रुंद जागा लागली असती. ओनोदेरा-सानना ते सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, "मग उभ्या राहून दाखवा. कुणालातरी पाठीवर घ्या."

त्या दालनात सर्वांत हलकी मृणाल होती. तिने नको नको म्हणत माझ्याकडे पाहिले. मी तिची ताटली बाजूला केली. ओनोदेरा-साननी तिला एका दमात पाठीवर घेतले आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मृणालचे गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर आले होते, मोज्यांतली पावले लोंबत होती. कुदो-साननी एका गुडघ्यापाशी रेघ मारली, दुसऱ्या गुडघ्यापाशी रेघ मारली. जरा मागे सरून पाहिले. मग दोन्हीकडे तळहातभर अंतर वाढवून नव्या रेघा मारल्या. त्यांनी मृणालच्या डोक्याच्या वर हात धरला आणि तिथेही खूण केली.

पाठीवरूनच मृणाल त्यांना सांगू लागली की कडेचे खांब बळकट करताना लोखंडी पट्टी आतल्या बाजूने घ्यावी लागेल.

"ते सावकाश," कुदो-सान म्हणाले. "आधी खाली उतरा."

बांधकाम अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. याला मंडळाची संमती समजायची का, असे त्यांनी अदबीने विचारले. कुदो-सान भिंतीकडे पाहत होते, त्यांनी ऐकले नसावे. उत्तर ओबासाननी दिले. "त्यांनी रेघ मारलीय ना? त्यांच्या घराण्यात याला दार म्हणतात."

आता मात्र सगळे हसले. इसोमाएच्या बाजूला कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग कामिसावाच्या बाजूलाही वाजल्या. ओनोदेरा-सान मृणालला उतरवून तिची माफी मागत होत्या आणि मृणाल, आपले वजन जास्त होते म्हणून, त्यांची.

संध्याकाळच्या गाडीने मी परत निघाले. मृणाल मोजमापांसाठी मागे राहिली. स्थानकावर ओबासान आल्या होत्या. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले नेच्याचे कोंब दिले, ते कसे उकडून राखेच्या पाण्यात ठेवायचे हे खुणांनी सांगितले. मी समजल्याची मान हलवली. त्यांना ते पटले नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

त्या एका डब्याच्या गाडीत मी टिपणे लिहायला घेतली. नोंदवायला बरेच होते : कचेरीचा इतिहास, नियम, लाकडाची जात. पण पेन थांबत होते ते दुसऱ्याच गोष्टीवर. आपण ज्याला भीड म्हणतो, ती इथेही आहे, आणि तीन वर्षे ती पाळणे हे त्या माणसांचे आभार मानणेच होते. शेवटच्या दिवशी ती मोडणे, हेही आभार मानणेच होते. यातले दुसरे अधिक अवघड असावे. ज्यांच्या घरात मी एक दिवस राहिले, जेवले, ज्यांच्या टायवर होयाचे पाणी उडवले, त्या सर्वांनी हे माझ्यासमोर, परक्या बाईसमोर होऊ दिले. बातमीदाराला सहसा घटना होऊन गेल्यावर पोहोचायला मिळते. मला ती होताना पाहायला मिळाली. त्याबद्दल त्यांचे आभार कुठे मानायचे, ते न कळल्याने इथे मानते.

एदोगावाला पोहोचले तेव्हा नवरा भात लावून वाट पाहत होता. कोंब पाहून त्याने विचारले, याचे करायचे काय. मी ओबासाननी सांगितले तसे खुणांनी सांगितले.

आठवडाभराने मृणालचा निरोप आला. इमारत राखायचे नगरपालिकेने ठरवले होते. दार कुदो-सान स्वतः करणार होते. पुढे तिने लिहिले होते : "ताई, ते तुम्हाला विचारतायत, तुमच्याकडे सज्ज्याची दारं आत उघडतात की बाहेर?"

मी नवऱ्याला विचारले. त्याच्या साताऱ्याच्या घरी ती आत उघडत, माझ्या माहेरी बाहेर. मी लिहिले की दोन्ही प्रकार असतात, पण घाईने निघायचे असेल तर बाहेर उघडलेले बरे.

तिचे उत्तर लगेच आले. "त्यांनाही तसंच वाटतंय. ओनोदेरा-साननाही विचारलं, बांधकामवाल्यांनाही, माझ्या प्रोफेसरांनाही. सगळे बाहेर म्हणतायत. पण अजून विचारतायत. आज पोस्टमनला विचारलं."